आउटर

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
बिलियर्डच्या टेबलापलीकडे एक पियानो होता
आणि त्याच्या पोटात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या.
वैशाखात लाकूड तडकू नये म्हणून
मिस ऑलिव्ह पीटर्स सकाळी तो भरायच्या,
संध्याकाळपर्यंत ऊन पिऊन टाकायचं.
असल्या उन्हात वरचा सी काही सी राहत नाही, त्या म्हणायच्या,
तू तरी सरळ बस.

मी लोको शेडमधल्या फिटरची मुलगी,
फिरक्यांची शकुंतला.
मिसच्या तोंडात माझं नाव अर्ध्यातच मोडायचं, शकून.
डावा हात कच्चा. नखांत कळण्याचं पीठ.

पुस्तक पिवळ्या पुठ्ठ्याचं,
कुणा मेल-ड्रायव्हरची बायको विलायतेला जाताना
ट्रंकेत मावलं नाही म्हणून ठेवून गेलेली.
दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गावांत
लांबलचक सोनाटांना कंटाळलेल्या तरुणांनी
एकेका पानावर लिहिलेलं काहीबाही:
एक रात्रीसाठी,
एक मैत्रिणीच्या वहीत आठवण म्हणून,
एक तर उगाच, बोटं चाळवली म्हणून.

यांना गोष्ट नसते, मिस म्हणायच्या,
यांना फक्त स्वभाव असतो.
आले, टेकले, पाणी प्यायले, निघाले.

हे मला लगेच कळलं.
आमची अख्खी चाळ तशीच होती.
द्वारकाबाई, वांगी भाजताना जी कुणाशी बोलत नाही:
दीड पान, संथ, डावा हात मुसळासारखा.
वॅगनमध्ये केळीचे घड चढवणारा इस्माईल:
जलद, मध्येच एक उसासा.
दिवे पुसणारा घारूमामा, त्याच्यावर चार ओळी पुरेत,
त्यातली एक खोकल्याची.

सातव्या तुकड्याला मात्र शेवट नव्हता.
शेवटच्या सुरावटीवर चार बोटं टेकायची
आणि पुढचं पान फाटलेलं.
वाळवी, मिस म्हणाल्या. पुढचं तिला विचार.

त्याच साली हातोडीची बनात झिजली.
अण्णा गार्डाच्या जुन्या कोटाची बाही कापून घेऊन आले,
पियानोत डोकं घालून तासभर बसले,
इंजिनाशी बोलावं तसं त्याच्याशी पुटपुटले.
मग म्हणाले, वाजव.
मी सातवा वाजवला.
थांबले.
त्यांचा पान्हा धरलेला हात हवेतच राहिला.
"हे तं आउटरलेच थांबलं, पोरी.
टेशन कुठी हाये?"
मिस हसल्या. पहिल्यांदाच दात दिसले त्यांचे,
आणि लगेच खिडकीकडे वळल्या.

त्यांचा भाऊ पर्थला गेला, त्या गेल्या नाहीत.
इन्स्टिट्यूटमध्ये पुढे लग्नं लागू लागली,
पियानोवर आहेराची ताटं.
तांब्या कुणी नेला माहीत नाही.

मी घरी, चुलीपुढे, पाटाच्या कडेवर
त्या तुकड्याला किती शेवट लावले.
गोड लावले. जोरकस लावले.
एकदा तर शेडचा भोंगा लावला.

परवा नाशकात लेकीच्या फोनवर तो सापडला.
कुणीतरी, कुठल्यातरी देशात, वाजवत होतं.
मी श्वास मोजत बसले.
चार बोटं टेकली
आणि
संपला.
तेवढाच होता तो.
फाटलेलं पान आठव्याचं होतं.

मिसना ठाऊक असणार.
सांगितलं का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला,
मग भाजी निवडायला घेतली.

आज भुसावळला चाललेय, भाच्याच्या साखरपुड्याला.
गाडी आउटरला उभी आहे.
दोन्ही बाजूंना केळीची बाग, फाटलेली पानं उन्हात हलतायत,
खालून एक पोरगा विहिरीचं पाणी घेऊन पळतोय.
समोरच्या बाई विचारतात, काय झालं हो, सिग्नल नाही का?
काही नाही, मी म्हणते.
माझी चार बोटं गुडघ्यावर आहेत.
उचलावीशी वाटत नाहीत.